मॅनेजरचं लिव्हर आणि माझी अब्रू

ती. आईंस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (दुकानात साष्टांग घालायला जागा नाही. काचेच्या पेट्या आणि लाकडी पट्ट्या यांच्यामध्ये कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकलोय, बाकीचा नमस्कार मनाने घातला आहे.) गुडघा कसा आहे? मेहुण्यांकडून कळलं, की तुम्ही आता काठीशिवाय खिडकीपर्यंत जाता आणि काठी घेऊन स्वयंपाकघरात सूनबाईंवर देखरेख करता. म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं असं मी धरून चालतो. व्यायाम मात्र सोडू नका. आणि व्यायाम घ्यायला येणाऱ्या त्या बाईंना "लग्न जमलं का?" असं रोज विचारू नका. मेहुणे म्हणतात, त्या आता दारातूनच "नाही" म्हणून आत येतात.

हे पत्र दुकानातून लिहितोय. समोर एका पदवीधराचा फोटो फ्रेमची वाट बघत पडलाय आणि माझ्याकडे रागाने बघतोय. बघू दे. घरी लिहिलं असतं तर तुमच्या लेकीने वाचलं असतं, आणि वाचलं असतं तर दुरुस्त केलं असतं, आणि दुरुस्त केल्यावर त्यात खुशालीशिवाय काहीच उरलं नसतं. विषय नाजूक आहे. माझ्या लिव्हरबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलंय हे मला ठाऊक आहे. मेहुण्यांनी फोनवर ज्या आवाजात "बरे आहात ना?" असं विचारलं, तो आवाज माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसून काढतो. तुम्ही तर परवा "जावईबापू, संगत सांभाळा" एवढंच बोलून फोन ठेवून दिलात. आई, माझी संगत म्हणजे दिवसभर खिळे, सरस आणि पुठ्ठा. मी आजवर ज्या सर्वांत कडक पेयाला तोंड लावलंय ते म्हणजे खोकल्याचं औषध, तेही तुमच्या लेकीने नाक दाबून पाजलं म्हणून. ते लिव्हर माझं नाही. ते मॅनेजरचं आहे.

आता इथे तुम्ही ताडकन उठला असाल. बसा, गुडघा जपा. मॅनेजर आता बरा आहे. या क्षणी तो मी सकाळी कापून ठेवलेल्या माउंटच्या पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्यावर बसून पाय चाटतोय, आणि तो पुठ्ठा आता कोणत्याही फोटोच्या कामाचा राहिलेला नाही. पण मधले काही दिवस जे झालं ते तुम्हाला क्रमाने सांगतो, म्हणजे दोष कोणाचा ते तुमचं तुम्हीच ठरवाल. (तुम्ही ते नाहीतरी ठरवणारच.)

ऑपरेशनसाठी मेहुण्यांकडे जाताना तुम्ही त्याला आमच्याकडे सोडलंत, तेव्हा म्हणाला होतात, "त्याच्या खाण्याकडे तेवढं बघा." मी बघितलं. बघतच राहिलो. सासऱ्यांनी आपल्या ऑफिसातल्या साहेबांवरून त्याचं नाव मॅनेजर ठेवलं तेव्हा मला ते जरा अतिशयोक्तीचं वाटलं होतं, पण आता पटलं. सकाळी येतो, सगळ्यांवर एकदा नापसंतीची नजर टाकतो, काडीचं काम न करता झोपतो, आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या आधी हजर. त्यातून आमच्याकडे आल्यापासून तर त्याची भूक अशी काही वाढली, की स्वतःची वाटी संपवून तो माझ्या ताटाशी येऊन बसायचा आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर मान वर-खाली करायचा, जणू घास मीच चोरून खातोय. मला वाटलं, आपला पाहुणचार मानवला. तुम्हाला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलंही, की मॅनेजर तब्येतीने सुधारतोय. शिवाय उत्साह! थोराड वयाचा हा बोका, पण दुकानात आणला तर फळीवरून टेबलावर, टेबलावरून शिडीवर. एकदा ओल्या वार्निशच्या फ्रेमवरून चालत गेला आणि सबंध फ्रेमभर त्याची पावलं उमटली. ते गिऱ्हाईक फ्रेम न्यायला आलं तेव्हा मी माफीचं भाषण तयारच ठेवलं होतं, तर ते म्हणालं, "हीच नक्षी दुसऱ्या फ्रेमवर करून मिळेल का?"

तर, एवढं खाऊनपिऊन तो वाळत होता, हे तुमच्या लेकीच्या लक्षात आलं. अंगावरून ब्रश फिरवताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, ह्याचा कणा हाताला लागतोय." मी म्हणालो, वय झालं की लागायचाच, माझाही लागतो. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचा नाही लागत," ती म्हणाली आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला उठली.

मॅनेजरला टोपलीत घालण्याबद्दल मी फार लिहीत नाही. (एवढंच सांगतो, की फोटो फ्रेमपेक्षा मोठा निघाला तर कडा कापता येतात. मांजरात ती सोय नाही.) आमच्या वरच्या मजल्यावर कवायतीचे मास्तर राहतात ते तुम्हाला आठवत असतील. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज अजून रुजू आहे. गोंधळ ऐकून ते खाली आले आणि त्यांनी मॅनेजरला मैदानावरच्या आवाजात "आत चल!" असा हुकूम दिला. मॅनेजर त्या आवाजाने एवढा दचकला, की स्वतःहून टोपलीत शिरला. त्याच्याबरोबर माझी एक चप्पलही शिरली. ती काढायची हिंमत कोणाला झाली नाही, म्हणून मी दवाखान्यात एका पायाने गेलो.

दवाखान्यात आमच्या आधी एक कासव होतं, त्यामुळे रांग हळू सरकत होती. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण शांत. त्यांनी मॅनेजरला स्टीलच्या टेबलावर घेतलं, वजन केलं, दात पाहिले, पायातून रक्त काढलं, आणि तेवढ्या वेळात मॅनेजरने त्यांच्याकडे अशा भक्तिभावाने पाहिलं, की तुमच्या लेकीला थोडं वाईटच वाटलं. रिपोर्ट उद्या फोनवर सांगते म्हणाल्या. आम्ही चप्पल घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो. खांद्यावर मोठी काच, कानाला फोन. बाई सांगत होत्या आणि मी खात्रीसाठी एकेक वाक्य मोठ्याने परत म्हणत होतो. लिव्हरचा रिपोर्ट चांगला नाही? एन्झाइम वाढलेत? बरेच वाढलेत? मला काय ठाऊक, की मास्तर वरच्या कठड्याशी उभे आहेत! "लिव्हर?" ते वरूनच कडाडले. "कधीपासून?" आई, आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दारं आहेत, आणि त्या क्षणी प्रत्येक दार किंचित उघडलं.

तुम्हाला माहीतच आहे, लिव्हर बिघडलं म्हटलं, की लोकांना एकच कारण सुचतं. संध्याकाळी मास्तर गंभीर चेहऱ्याने घरी आले, माझ्या शेजारी बसले, मांडीवर हात ठेवला आणि त्यांच्या दृष्टीने कुजबुजत (म्हणजे फक्त दोन मजले ऐकतील एवढ्या आवाजात) म्हणाले, "सोडता येते. मनाचा निग्रह पाहिजे."

"मास्तर, लिव्हर मांजराचं आहे."

त्यांनी माझी पाठ थोपटली. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. "माझ्या एका मित्राने तर सगळं घोड्यावर ढकललं होतं."

त्यानंतर माझी जी शोभा झाली ती सांगायला नको. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आपण होऊन माझा चहा फिका केला. सलूनवाल्या बाई आरसा द्यायला आल्या, त्या आरशाबरोबर एक डबाभर सूप ठेवून गेल्या. त्यात मीठ नव्हतं, तेल नव्हतं, माझ्या मते भाजीही नुसती दाखवून काढली होती. एका गिऱ्हाइकाने तर फोटो देताना "घाई नाही हो, तुम्ही आधी बरे व्हा" असं म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरला. मास्तरांच्या पत्नी तुमच्या सूनबाईंच्या मावशीच्या ओळखीच्या, त्यामुळे बातमी तुमच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! तुम्ही लेकीला फोन करून खोदून विचारलंत, तेव्हा मी समोरच बसलो होतो. मांजर म्हणावं तर तुमचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ब्लडप्रेशर वर-खाली होत असलेलं. तिने फोनवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मॅनेजरकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग हात काढून म्हणाली, "हो आई, ह्यांचं जरा लिव्हरचं आहे. आता काळजी घेतात." एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी खूप काही झालो, आई, पण बेवडा पहिल्यांदाच झालो.

घरात तर खटलाच उभा राहिला. तिचं म्हणणं, माझ्या दुकानातल्या वार्निशचा वास त्याच्या लिव्हरला बाधला. माझं म्हणणं, मास्तर त्याला चोरून लोणी चारतात. मास्तरांचं म्हणणं, शिस्त नाही. त्यात तिने मोबाइलवर वाचायला सुरुवात केली आणि एकेक रोग मला वाचून दाखवायला लागली. प्रत्येक रोग मॅनेजरला चपखल बसत होता, आणि निम्मे मलाही.

मग आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो, आणि त्यांनी ते एन्झाइम म्हणजे काय हे समजावून सांगितलं. ते मला पटलं, कारण ते माझ्या धंद्यातलंच निघालं. एन्झाइम हा पदार्थ लिव्हरच्या पेशींच्या आत असतो. पेशींना काही बोचलं, काही झालं, की तो बाहेर रक्तात झिरपतो. म्हणजे माझ्या दुकानाच्या दाराबाहेर भुसा दिसला, की आत करवत चालली आहे एवढं कळतं. पण कसली फ्रेम, कोणाची, लाकूड फुकट गेलं की राहिलं, ते भुशावरून नाही कळत. तसंच आकडे वाढले म्हणजे लिव्हर बंद पडलं असं नाही. ते काम कसं करतंय हे दुसऱ्या तपासण्या सांगतात. डोळे पिवळे नव्हते, कावीळ नव्हती, ती एक चांगली गोष्ट. एक आकडा थोडाच वाढला होता, मी लगेच म्हणालो, मग तो सोडून देऊ. त्या म्हणाल्या, कुत्र्यात एक वेळ चाललं असतं, मांजरात तो थोडा वाढला तरी सोडायचा नसतो. (मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुत्र्याशी तुलना मीच केली.) कारणं पुष्कळ असू शकतात, त्या म्हणाल्या. लिव्हरला सूज, चरबी, पित्ताच्या नळीचा त्रास, पोटात गेलेलं काही औषध. आणि कधीकधी लिव्हर बिचारं निर्दोष असतं, दुसऱ्याच कोणाच्या उपद्व्यापाने बेजार झालेलं असतं. असं बोलता बोलता त्यांची बोटं मॅनेजरच्या गळ्यावरून खाली सरकत होती. एका जागी ती थांबली. "इथे वाटाण्याएवढी गाठ लागते," त्या म्हणाल्या.

त्या पुढेही बोलत होत्या. थायरॉइड म्हणाल्या, वयस्कर मांजरांत नेहमीचं म्हणाल्या, बहुतेक वेळा साधी असते म्हणाल्या, आणखी एकदा रक्त लागेल आणि पोटाची सोनोग्राफी करू म्हणाल्या. पण आई, आम्ही दोघांनी फक्त "गाठ" ऐकलं.

सोनोग्राफीसाठी त्याचं पोट भादरलं. त्याचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. घरी आल्यावर तो आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला. तुमची लेक स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी आत गेलो, तर ती नळ उघडा ठेवून रडत होती. भांडं एकही नव्हतं. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "बाबा गेल्यावर त्या घरात आईशी बोलायला हाच आहे. ती बरी होऊन घरी जाणार, दार उघडणार, आणि आत कोणीच नसेल तर?" यावर माणसाने काहीतरी धीराचं बोलायला हवं. मी नळ बंद केला. तेवढंच सुचलं.

दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायचे ते दिवस मी त्याला रोज दुकानात नेत होतो. घरी एकटा नको, असं मी कारण देत होतो. एकटा कोण नको होता ते जाऊ द्या. त्याचं माझं कधी जमलं नाही हे तुम्ही जाणता. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आलो, तेव्हा तो माझ्या बुटात झोपला होता आणि मी बूट मागितले म्हणून मला ओरबाडलं होतं. पण एका दुपारी मी स्टुलावर बसून कोपरे जुळवत होतो, तर तो आला, थोडा वेळ विचार केला आणि मांडीवर चढला. इतका हलका झाला होता, की आधी मला कळलंच नाही. शर्टातून त्याचं काळीज लागत होतं, भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम चालू केल्यासारखं. मी हातोडी खाली ठेवली. काय बोललो ते लिहीत नाही, पण बोललो पुष्कळ. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मला डोळे पुसताना पाहिलं आणि "सोडायला लागल्यावर पहिले दिवस जडच जातात" असं म्हणून हळूच निघून गेलं.

रिपोर्ट आला तो थायरॉइडचाच. बाई फोनवर चक्क आनंदाने बोलत होत्या. गळ्यातली ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती, म्हणून ती भूक, ते वाळणं, त्या उड्या, ते पळणारं काळीज. बाकी सगळ्या अवयवांना ती फटके मारून पळवत होती, आणि त्यात लिव्हर दमून बोंबलत होतं. सोनोग्राफीत लिव्हर चांगलं दिसलं. म्हणजे आपण सगळे ज्याच्यावर आळ घेत होतो तो बिचारा फिर्यादी निघाला! वार्निश निर्दोष, लोणी निर्दोष. तुमची लेक मला "सॉरी" म्हणाली. (तारीख लिहून ठेवली आहे.) आजार पुरता जात नाही, पण औषधाने ताब्यात राहतो, आणि अशी मांजरं पुढे चांगली जगतात, असं बाई म्हणाल्या.

औषध आधी गोळीचं होतं. गोळी मी मॅनेजरला दिली, मॅनेजरने कपाटाखाली दिली. माशात लपवून दिली, त्याने मासा खाल्ला आणि गोळी धुऊन पुसून ताटलीत ठेवली. शेवटी बाईंनी कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलम दिलं. सकाळी एका कानाला, संध्याकाळी दुसऱ्या. ते मी लावतो. मला स्वतःला सांगायला संकोच वाटतो, पण हात असा बसलाय, की मॅनेजर डोळे मिटून मान पुढे करतो, आणि सगळं फुंकर मारल्यासारखं सहज होतं. परवा पुन्हा रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे उतरलेत, अजून पूर्ण नाही, पण चांगलेच उतरलेत. वजन वाढू लागलंय. पोटावर केस येताहेत, मात्र अगदी मखमली आणि जरा वेगळ्याच रंगाचे, त्यामुळे त्याने आतून बनियन घातल्यासारखं दिसतं.

फक्त एक अडचण आहे. डॉक्टरीणबाईंचं स्पष्ट मत पडलं, की या वयात आणि या आजारात मॅनेजरला आता घर बदलायला लावू नये. जागा बदलली, की जनावर मनाला लावून घेतं आणि आकडे पुन्हा चढतात. शिवाय मलम लावायचं काम दोघांचं आहे. एकाने मांजर धरायचं, एकाने कान. तुमच्या घरी तुम्ही एकट्या, त्यात नवा गुडघा, खाली वाकायचं नाही. तेव्हा या वैद्यकीय बाजूचा आपण शांतपणे विचार करावा, एवढंच सुचवतो. मेहुण्यांना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, व्यायामाच्या बाईंना सहानुभूती.

आपला आज्ञाधारक आणि पूर्णपणे निर्व्यसनी,
जावई

ता. क. : विचार म्हणजे असा, की मॅनेजर तुमच्याकडे येऊ शकत नाही, तर तुम्हीच मॅनेजरकडे यावं. चार दिवसांसाठी नव्हे. स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे, जिथे मी जुन्या फ्रेमा भरून ठेवल्या होत्या, ती मी रिकामी केली आहे. पूर्वेची खिडकी आहे, पायरी एकही नाही. भिंतीला रंग कोणता हवा ते कळवा. तुमच्या लेकीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, मी घर आवरतोय, आणि म्हणून ती आता मलाच डॉक्टरकडे नेण्याच्या विचारात आहे.

ता. क. २ : पाकीट बंद करवेना. डॉक्टरीणबाई घर बदलण्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, औषध वेळेवर मिळालं तर हा कुठेही मजेत राहील. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं पत्र खरं आहे. रंगाचं मात्र कळवाच.

ता. क. ३ : आई, मी लिहितेय. डबा द्यायला दुकानात आले तर हे दारात मास्तरांशी आपल्या शुद्ध चारित्र्यावर वाद घालत होते आणि पत्र टेबलावर उघडं. सगळं वाचलं. डॉक्टर म्हणाल्या नाहीत हे खरं आहे, पण मी म्हणते. ये. आणि ते मलम "फुंकर मारल्यासारखं" कसं लावतात ते बघायला तरी ये. हातांत काच उचलायचे जाडजूड हातमोजे, डोळ्यांना गॉगल, आणि हे स्वतः खुर्चीवर उभे. मांजर मी धरते, कानही मीच धरते, मलमही मीच लावते. हे वरून "शाबास" म्हणतात.